अपस्मार आणि आहार : पथ्य, पोषण व उपचार

अपस्मार हा मानवाला फार पूर्वीपासून ज्ञात असलेल्या आजारांपैकी एक होय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे, आणि फेफरे, मिरगी, आकडी, फिट अशा वेगवेगळ्या नावांनी तो देशाच्या सर्व भागांत ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार असून त्यांपैकी जवळपास ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातील रुग्णसंख्या एक कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक मानली जाते. योग्य निदान आणि नियमित औषधे मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके पूर्णपणे थांबू शकतात. प्रत्यक्षात मात्र अल्प उत्पन्नाच्या देशांतील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना आवश्यक तो उपचार मिळत नाही.

उपचारातील ही दरी आपल्याकडे बऱ्याचदा पथ्याने भरून काढली जाते. घरातील मुलाला पहिला झटका आला की डॉक्टरांच्या आधी शेजारीपाजारी सल्ला देतात, आणि त्या सल्ल्याचा आरंभ 'काय बंद करावे' येथून होतो. कुठे दही वर्ज्य ठरते, कुठे केळे, कुठे भात. आहाराचा अपस्माराशी संबंध आहेच. परंतु तो या समजुतींत नाही. दूषित अन्नातून आजाराचे कारण शरीरात शिरते, औषधे शरीरातील पोषकद्रव्यांवर परिणाम करतात आणि काही निवडक रुग्णांमध्ये आहार हाच उपचार ठरतो. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या तरच या विषयाचे आकलन होते.

झटका आणि अपस्मार

मेंदूतील चेतापेशींचे कार्य सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालते. पेशींचा एखादा समूह अचानक, एकाच वेळी व अनियंत्रितपणे संदेश पाठवू लागला म्हणजे झटका येतो. प्रत्येक झटका म्हणजे अपस्मार नव्हे. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या व्याख्येनुसार तात्कालिक कारणाशिवाय २४ तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले, अथवा एकाच झटक्यानंतर पुनरावृत्तीची शक्यता फार मोठी असली, तर त्यास अपस्मार म्हणतात. ताप, रक्तातील साखरेची घट, कॅल्शियमची कमतरता यांमुळे आलेला झटका त्या कारणाच्या निवारणाबरोबर थांबतो.

आहाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यात १९९५ पासून उन्हाळ्यात लहान मुलांना पहाटे झटके येऊन मृत्यू होण्याच्या घटना घडत आल्या. 'चमकी बुखार' या नावाने हा आजार ओळखला जाई. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्र यांनी २०१४ मध्ये केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोन बाबी पुढे आल्या. बाधित मुलांनी लिची खाल्ली होती, आणि त्यांतील अनेक मुले रात्रीचे जेवण न घेता झोपली होती. लिचीतील हायपोग्लायसिन व तत्सम द्रव्ये शरीराला साठ्यातील स्निग्धांशापासून ऊर्जा व साखर तयार करू देत नाहीत. पोटभर जेवलेल्या मुलाला त्याने फारसे बिघडत नाही. कुपोषित आणि उपाशी मुलाच्या रक्तातील साखर मात्र पहाटेपर्यंत धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. ही मुले अपस्माराची रुग्ण नव्हती. त्यांच्यासाठी तातडीचा उपचार ग्लुकोजचा होता आणि प्रतिबंधाचा उपाय रात्रीच्या जेवणाचा. आईमध्येच ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास तान्ह्या बाळाला कॅल्शियमअभावी येणारे झटकेही याच प्रकारात मोडतात. जन्मजात चयापचयदोषामुळे ब-६ जीवनसत्त्वावर अवलंबून असलेला अपस्मार दुर्मीळ आहे. पण तो वेळीच ओळखला तर एका स्वस्त जीवनसत्त्वाने आटोक्यात येतो.

कोबीतला किडा

भारतात टाळता येण्याजोग्या अपस्माराचे एक मोठे कारण अन्नातूनच येते. ते म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, अर्थात डुकरातील पट्टकृमीच्या अळीने मेंदूत धरलेले घर. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी त्या परिसरात केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सक्रिय अपस्माराच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांमध्ये याच कारणाचा पुरावा आढळला.

या कृमीचे जीवनचक्र परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावे असे आहे, कारण त्याबाबतचा गोंधळ सुशिक्षितांतही दिसतो. अळी असलेले कच्चे वा अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात प्रौढ पट्टकृमी वाढतो. त्याचा त्रास बेताचाच असतो. परंतु त्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची असंख्य अंडी बाहेर पडतात. उघड्यावरील शौच, सांडपाण्यावर पिकवलेला भाजीपाला आणि न धुतलेले हात यांच्याद्वारे ती अंडी अन्नपाण्यात मिसळतात. ही अंडी पोटात गेली की त्यांतून निघालेली अळी आतड्याची भित्तिका भेदून रक्तावाटे स्नायू, डोळा व मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणजे मांस खाल्ल्याने कृमी होतो, तर मेंदूचा आजार अंडी गिळल्याने होतो. त्यामुळेच आयुष्यात कधीही मांसाहार न केलेल्या व्यक्तीलाही हा आजार होऊ शकतो, आणि घरातील एका कृमीग्रस्त व्यक्तीमुळे संपूर्ण कुटुंबाला धोका संभवतो.

उत्तर भारतात अनेक घरांत कोबी वर्ज्य मानला जातो. कोबीतला किडा डोक्यात जातो, अशी ती समजूत आहे. तिच्यात तथ्याचा अंश एवढाच की, पानांच्या थरांत माती आणि अंडी अडकून राहू शकतात. दोष कोबीचा नसून त्याला मिळालेल्या पाण्याचा आहे. हाच धोका मुळा, गाजर, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या सर्वच भाज्यांना लागू होतो. वाहत्या स्वच्छ पाण्याने पानन् पान धुणे आणि शिजवून खाणे हा त्यावरील उपाय होय. शौचालयांचा वापर, डुकरांचे बंदिस्त पालन, मांसतपासणी यांचा विचार म्हणूनच अपस्मार-प्रतिबंधाचा भाग म्हणून करावा लागतो. डुकरांसाठीची लसही उपलब्ध झाली आहे. मेलबर्न विद्यापीठातील संशोधनावर आधारलेली ही लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीने तयार केली. रुग्णाने मात्र दुकानातून जंताची गोळी आणून स्वतःच उपचार करू नयेत. मेंदूतील अळी मरताना सूज वाढते व झटके बळावू शकतात. म्हणून हे औषध मेंदूच्या तपासणीनंतर, बहुधा सूज कमी करणाऱ्या औषधांसह, वैद्यकीय देखरेखीखालीच दिले जाते.

रोजचे ताट

निदान झालेल्या आणि औषधे सुरू असलेल्या बहुसंख्य रुग्णांसाठी वेगळा 'अपस्माराचा आहार' नसतो. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, दही, ऋतुमानानुसार फळे, आणि चालत असल्यास अंडी व मासे असा चौरस आहार त्यांना चालतो, नव्हे तो आवश्यक असतो. दही, केळे वा भाताने झटका येतो याला आधार नाही. उलट अनावश्यक पथ्याचे नुकसान मोजता येण्याजोगे आहे. ज्या मुलाच्या ताटात मुळातच दूध आणि डाळ कमी, त्याचे दही-ताक बंद केले तर प्रथिने व कॅल्शियमचा उरलासुरला आधारही जातो.

कुपोषणाचा परिणाम औषधावरही होतो, ही बाब फारशी चर्चेत येत नाही. फेनिटॉइन या औषधाचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतो आणि उरलेला मुक्त अंश मेंदूवर कार्य करतो. प्रथिनांच्या अभावी अल्ब्युमिन घटले की हा मुक्त अंश वाढतो. रक्ततपासणीत औषधाची एकूण पातळी योग्य दिसत असूनही रुग्णाला तोल जाणे, डोळे थरथरणे, सुस्ती असा त्रास होऊ शकतो. अशा मुलाचे ताट भरणे हा औषधोपचाराचाच भाग ठरतो.

अन्नाच्या प्रकारापेक्षा वेळेला येथे अधिक महत्त्व आहे. दीर्घकाळ उपाशी राहणे, अपुरी झोप आणि चुकलेली गोळी ही झटका ओढवणारी परिचित कारणे आहेत, आणि उपवासाच्या दिवशी ती तिन्ही एकत्र येतात. नवरात्र, निर्जळी एकादशी किंवा रमजानचे रोजे पाळू इच्छिणाऱ्या रुग्णाने त्याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलणे श्रेयस्कर. काही रुग्णांना दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावयाच्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांवर आणता येते. काहींना उपवास न करण्याचाच सल्ला द्यावा लागतो. स्वतःच्या मनाने मात्रा पुढे ढकलणे मात्र धोक्याचे. मद्याबाबत तर सवलतीला वाव नाही. नियमित मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबवले तरी झटके येऊ शकतात, त्यामुळे तेथेही वैद्यकीय मदत लागते. चहा-कॉफी बेताने घेण्यास हरकत नसते. कापूर मात्र पोटात घेणे सर्वथा टाळावे; थोड्या प्रमाणातही तो लहान मुलांत झटके निर्माण करू शकतो, आणि घरगुती उपायांत त्याचा वापर होतो म्हणून हे सांगणे भाग आहे.

औषधे आणि पोषकद्रव्ये

फेनोबार्बिटाल १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून अपस्मारात वापरले जाते. ही औषधे स्वस्त व परिणामकारक असल्यामुळे आजही ग्रामीण भागातील उपचारांचा मोठा भार त्यांच्यावर आहे. या दोन्ही औषधांमुळे, तसेच कार्बामाझेपिनमुळे, यकृतातील विकरे अधिक सक्रिय होतात. त्यामुळे ड जीवनसत्त्वाचे विघटन वेगाने होते आणि अनेक वर्षांच्या उपचारानंतर हाडे ठिसूळ होण्याची शक्यता वाढते. झटक्यात पडण्याचा धोका असलेल्या व्यक्तीची हाडे कमकुवत असणे किती घातक, हे वेगळे सांगावयास नको. दूध, दही, नाचणी, तीळ, काटे चावून खाता येणारे लहान मासे आणि अंगावर रोज पडणारे ऊन हे त्यावरील सोपे उपाय आहेत. गरजेनुसार डॉक्टर पूरक गोळ्याही देतात. या गोळ्या घेताना एक पथ्य मात्र खरे आहे. कॅल्शियम व आम्लपित्तावरील औषधे फेनिटॉइनचे शोषण कमी करू शकतात, म्हणून त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे.

फॉलिक आम्लाचा विषय अधिक नाजूक आहे. फेनिटॉइन व फेनोबार्बिटाल यांमुळे शरीरातील फोलेट घटते. परंतु मोठ्या मात्रेत फॉलिक आम्ल घेतल्यास फेनिटॉइनची रक्तातील पातळी खाली येऊ शकते. त्यामुळे मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी लागते. प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाच्या मज्जारज्जूत जन्मजात दोष निर्माण होण्याचा धोका वाढतो, आणि हा अवयव गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतो, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. म्हणून योग्य औषधाची निवड आणि फॉलिक आम्ल या दोन्ही गोष्टी गर्भधारणेच्या आधी व्हावयास हव्यात. गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून औषध बंद करणे हे माता व बालक या दोघांच्या जिवावर बेतू शकते.

व्हॅल्प्रोएटने काहींची भूक व वजन वाढते. टोपिरामेटने भूक मंदावते आणि मूतखड्याची शक्यता वाढते, म्हणून ते घेणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यावे. ग्रेपफ्रूटचा रस कार्बामाझेपिनची पातळी वाढवतो. आपल्याकडे हे फळ फारसे खाल्ले जात नाही. पण शहरांतील बाटलीबंद रसांमुळे ही माहिती उपयोगी ठरते.

आहार हाच उपचार

उपवासाने झटके कमी होतात, हे निरीक्षण प्राचीन ग्रीक वैद्यकातही आढळते. परंतु कोणीही कायम उपाशी राहू शकत नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी यातून मार्ग सुचवला. स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अत्यल्प दिल्यास शरीर उपवासाप्रमाणेच चरबी जाळून कीटोन द्रव्ये तयार करते व मेंदू ग्लुकोजऐवजी त्यांवर चालू लागतो. हाच केटोजेनिक आहार. फेनिटॉइन आल्यावर तो मागे पडला आणि १९९० च्या दशकात पुन्हा पुढे आला. झटके नेमके कसे कमी होतात याचा उलगडा अद्याप पूर्ण झालेला नसला, तरी परिणामाचा पुरावा भक्कम आहे. लंडनमध्ये २ ते १६ वर्षे वयाच्या १४५ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर आहारगटातील ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक कमी झाले. तुलनागटात हे प्रमाण ६ टक्के होते.

मूळ आहारात वजनाने चार भाग स्निग्धांश आणि प्रथिने व पिष्टमय पदार्थ मिळून एक भाग असे प्रमाण असते, म्हणजे सुमारे ९० टक्के ऊर्जा स्निग्धांशातून येते. प्रत्येक घास तोलून द्यावा लागतो. भारतीय घरात हे अतिशय कठीण. त्यामुळे बाल्टिमोर येथे २००३ च्या सुमारास विकसित झालेला सुधारित ॲटकिन्स आहार आपल्याकडे अधिक व्यवहार्य ठरला. त्यात प्रथिनांवर व एकूण ऊर्जेवर कठोर मर्यादा नसते. पिष्टमय पदार्थ मात्र आरंभी दिवसाला सुमारे १० ग्रॅमपर्यंतच द्यावयाचे असतात. मध्यम आकाराच्या एका पोळीतच साधारण १५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आहाराचा कस कळतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २ ते १४ वर्षे वयाच्या १०२ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या आहाराने ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. केवळ औषधे घेणाऱ्या गटात ते प्रमाण ११.५ टक्के होते.

तूप, लोणी, साय, पनीर, नारळ, अंडी यांवर आधारलेला हा आहार शाकाहारी कुटुंबालाही जमू शकतो. अडचण असते ती पोळी, भात, बटाटा, साखर व बहुतेक फळे बाजूला ठेवण्याची. आजीने प्रेमाने दिलेली बिस्किटे, देवळातला प्रसाद, इतकेच नव्हे तर खोकल्याच्या औषधातील साखरही कीटोनची पातळी मोडू शकते. बद्धकोष्ठता, मूतखडा, रक्तातील मेदवृद्धी, वाढ खुंटणे हे संभाव्य दुष्परिणाम आहेत. जीवनसत्त्वे व कॅल्शियम बाहेरून द्यावेच लागते. स्निग्धाम्लांच्या चयापचयाचे जन्मजात दोष असलेल्या मुलाला हा आहार दिल्यास जीवावर बेतू शकते, म्हणून आधी तपासण्या आवश्यक असतात. निवडलेली दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबत नसतील, तर अपस्मार औषधांना दाद देत नाही असे मानले जाते. या आहाराचा विचार मुख्यत्वे अशा मुलांसाठी होतो. ग्लुकोज मेंदूपर्यंत नेणाऱ्या वाहक प्रथिनाचा जन्मजात अभाव असल्यास मात्र तो पहिल्या पसंतीचा उपचार आहे. परिणाम दिसल्यास तो साधारण दोन वर्षे चालवून हळूहळू थांबवतात. वजन घटवण्यासाठी लोकप्रिय झालेला 'कीटो' आहार आणि हा उपचार यांची गल्लत करू नये. देशात प्रशिक्षित आहारतज्ज्ञ मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच उपलब्ध असणे, हीच या उपचाराच्या प्रसारातील खरी मर्यादा आहे.

व्यवस्था आणि समाज

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून झटक्यांच्या विकारांचा तपासणीत समावेश आहे. जागतिक आरोग्य सभेने मे २०२२ मध्ये अपस्मार व अन्य चेताविकारांसाठी २०२२ ते २०३१ या काळाचा कृती आराखडा स्वीकारला. अपस्माराच्या सेवांची व्याप्ती २०२१ च्या तुलनेत २०३१ पर्यंत ५० टक्क्यांनी वाढवणे हे त्यातील एक लक्ष्य आहे. कायद्याच्या पातळीवरही बदल झाला. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. समाजमन मात्र कायद्याच्या मागे राहिले. अपस्मार संसर्गजन्य नाही. तरीही मुलाला पंगतीत वेगळे बसवणे, त्याचे ताट-पेला वेगळा ठेवणे असे प्रकार घडतात. अंगणवाडीतील पूरक आहार व शाळेतील माध्यान्ह भोजन, जे २०२१ पासून पीएम पोषण या नावाने ओळखले जाते, ते अशा मुलाने इतरांसोबत बसून घ्यावे, यात वैद्यकीय दृष्ट्या कोणतीही आडकाठी नाही.

आहाराचा विचार स्वयंपाकघरापर्यंत न्यावा लागतो. उघड्या चुलीवर एकटीने स्वयंपाक करताना झटका येऊन गंभीर भाजल्याच्या घटना अपस्मारग्रस्त स्त्रियांत घडतात. झटके आटोक्यात येईपर्यंत शक्यतो कोणी सोबत असावे, चूल किंवा शेगडीभोवती आडोसा असावा, उकळते भांडे उचलून नेण्याऐवजी ताट शेगडीजवळ आणावे. झटका सुरू असताना कांदा हुंगवणे, तोंडात चमचा घालणे, पाणी पाजणे हे सर्व निरुपयोगी, आणि यातील शेवटचे दोन तर घातक आहेत. पाणी वा अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तो ओसरल्यावर रुग्ण पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलू लागेपर्यंत पाणी, साखर किंवा गोळी यांपैकी काहीही तोंडात घालू नये. त्यानंतर नेहमीचे जेवण आणि राहिलेली मात्रा डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे द्यावी.